छत्रीच्या रकान्यात कपबशी

फेब्रुवारी कलायला लागला की आमच्या देवळाली कॅम्पच्या बाजारात हातगाड्यांवर द्राक्षांचे ढीग दिसू लागतात. परदेशी जाणाऱ्या पेट्यांतून नाकारली गेलेली ही द्राक्षं. कुणाचा मणी केसभर लहान, कुणाच्या सालीवर पानाचा ओरखडा, कुणाचा रंग ठरलेल्या हिरव्याहून जरा पिवळा. तिकडे दिंडोरी-निफाडच्या शेडांमध्ये बायका गोल भोकांची चकती हातात घेऊन बसतात, मणी भोकाशी धरून बघतात आणि नापास झालेले बाजूला टाकतात. ते नापास मणी आम्ही खातो. फार गोड असतात. एका मण्यासाठी एवढा काटेकोरपणा करणारी माणसं आपल्या जिल्ह्यात आहेत, याचा मला पूर्वी अभिमान वाटायचा. हल्ली ती चकती आठवली की मी विषय बदलतो.

यंदा द्राक्षांबरोबर निवडणुकाही आल्या आहेत. चौकातल्या फलकावर एक गृहस्थ हात जोडून उभे आहेत आणि त्यांच्या नावामागे ‘भावी’ असं लिहिलेलं आहे. गेल्या खेपेलाही ते भावीच होते. फलक मात्र वाढला आहे, कडेच्या कार्यकर्त्यांचे गोल फोटो आता खाली गटाराच्या काठापर्यंत आले आहेत. एरवी मी असल्या फलकासमोर दोन मिनिटं उभा राहून करमणूक करून घेतली असती. परवा सकाळी तिथंच उभा असताना नानांचा फोन आला.

“सर, मतपत्रिकांचं काम आलंय. एका पतसंस्थेचं. डोळे चालतात ना अजून?”

नाना म्हणजे जुन्या नाशकात, तांब्या-पितळेच्या दुकानांच्या गल्लीत ज्यांचा छापखाना आहे ते. मी हायस्कुलात मराठी शिकवत असताना आणि निवृत्त झाल्यावरही त्यांच्याकडे प्रुफं वाचायला जायचो. डोळे चालतात. डोळ्यांची तक्रार तेव्हाही नव्हती. पण फोनवर मी फक्त “कळवतो” म्हणालो, फोन खिशात टाकला आणि भाजी न घेताच घरी आलो.

चार-पाच वर्षांपूर्वी अशाच द्राक्षांच्या दिवसांत त्या छापखान्यात एक मतपत्रिका चुकीची छापली गेली. त्यामुळे सुरगाण्याकडच्या एका बाईची हक्काची मतं वाया गेली आणि छापखान्यातल्या एका मुलीची नोकरी गेली. दोन्हींच्या मुळाशी तांबड्या पेनानं केलेली एक खूण होती. पेन माझं होतं, खूण माझी होती. हे त्या वेळी मला माहीत होतं, आणि मी बोललो नाही. इतकंच सांगायचं होतं. इतकं सांगायला मला एवढी वर्षं लागली.

त्या छापखान्याचा वास अजून नाकात आहे. शाई, रॉकेलनं पुसलेली फडकी, नव्या कागदाच्या रिमांचा कोरडा, जरासा आंबूस वास, आणि मोसमात कोपऱ्यातल्या क्रेटमधल्या द्राक्षांचा. नाना द्राक्षं सगळ्यांसाठी आणत आणि सगळ्यांना दम देत, “चिकट हातानं कागदाला शिवाल तर बघा.” मशीन चालू झालं की टेबलावरचा चहा कपात थरथरायचा. बाहेरून तांबटांचे ठोके यायचे. या सगळ्याच्या मधोमध एका लाकडी खुर्चीवर बसून मी नाशिक जिल्ह्याची थोरवी तपासत असे. स्मरणिका, गौरवग्रंथ, लग्नपत्रिका, श्रद्धांजलीची पत्रकं. एका सत्कारमूर्तींच्या नावामागे अकरा विशेषणं होती. मी नऊ केली, तर त्यांचा निरोप आला की कमी झालेली दोन कोणती ते कृपया कळवावं. असे किस्से मी मित्रमंडळींत रंगवून सांगायचो. जगात बडेजाव फार झाला आहे आणि तो फक्त मला दिसतो, अशी माझी तेव्हा समजूत होती.

संगणकावर शाहीन बसायची. तिचे वडील बाइंडर, नानांच्या वडिलांच्या वेळेपासून पुस्तकं बांधणारे. सहा वर्षं ती तिथं काम करत होती. द्राक्षाचा एक मणी खाल्ला की रुमालानं पाचही बोटं पुसून मगच कळफलकाला हात लावणारी. तिच्या सगळ्या सवयी मला जरा बाळबोध वाटायच्या. दुरुस्तीचा कागद हातात दिला की ती आधी मोबाइलवर त्याचा फोटो काढायची आणि मग कामाला लागायची. “कागद उडून जातात, सर,” असं म्हणायची. मी म्हणायचो, “अगं, अक्षर टिकतं.” हे वाक्य मला इतकं आवडायचं की मी ते वर्गातही वापरलेलं होतं.

मतपत्रिकांचं काम आलं की छापखान्याचा दिवाणखाना व्हायचा. बाकीची कामं बंद. दाराशी एक पोलीस शिपाई खुर्ची टाकून बसायचा. त्याला काही काम नसायचं, म्हणून तो द्राक्षं सोलून खायचा. द्राक्ष सोलून खाणारा मी पाहिलेला तो एकच माणूस. पहिल्या दिवशी यंत्राला हार, नारळ. मग निवडणूक निर्णय अधिकारी चार शब्द बोलायचे. लोकशाहीचा उत्सव, लोकशाहीचं मंदिर, लोकशाहीचा कणा. मी नानांच्या कानात म्हणालो होतो की या मंदिराला कणा बसवणारा वैद्य कोण ते एकदा विचारून घ्या. नाना खोकल्यासारखं करून हसले.

त्या वर्षीची निवडणूक सुरगाणा भागातल्या एका सहकारी सोसायटीची होती. भात-नागलीचा डोंगराळ मुलूख. तिथली निम्मी माणसं दिवाळीनंतर जीप भरून आमच्याकडच्या द्राक्षबागांवर मजुरीला येतात आणि उन्हाळा संपताना परततात. सर्वसाधारण गटाची मतपत्रिका पांढरी, महिलांच्या गटाची गुलाबी. गुलाबीवर चार नावं. प्रत्येक ओळीत अनुक्रमांक, नाव आणि चिन्ह, असे तीन रकाने. तिसऱ्या ओळीत यशोदाबाई, चिन्ह छत्री. चौथ्या ओळीत त्यांच्या विरोधातली, पॅनेलची उमेदवार, चिन्ह कपबशी.

या कामाला छापखान्याची एक जुनी रीत होती, नानांच्या वडिलांनी, शिशाचे खिळे जुळवून छापायच्या काळात घालून दिलेली. तिला ‘बोट फिरवणं’ म्हणत. छपाईला जाण्याआधी शेवटच्या प्रुफापाशी दोघांनी बसायचं. एकानं अधिकाऱ्यांच्या मंजूर यादीतून मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं प्रुफावरच्या त्या-त्या रकान्यावर बोट टेकवून ‘आहे’ म्हणायचं. अनुक्रमांक तीन. आहे. नाव अमुक. आहे. चिन्ह छत्री. आहे. शाळेतली हजेरी वाटावी असं सगळं. डोळा पुढं पळतो, बोट पळत नाही, असं ते म्हातारे म्हणत. मला हे प्रकरण पाटी-पेन्सिलीच्या वयाचं वाटायचं. ज्यानं चाळीस वर्षं प्रुफं वाचली त्यानं छत्रीच्या चित्रावर बोट ठेवून ‘आहे’ म्हणायचं, म्हणजे काय!

गुलाबी मतपत्रिकेचं पहिलं प्रूफ आलं तेव्हा तिसरी आणि चौथी ओळ उलटसुलट झाली होती. यशोदाबाई चौथ्या ओळीत, छत्रीसकट. पॅनेलवाल्या बाई तिसऱ्या ओळीत, कपबशीसकट. साधी चूक. मी यादीशी नावं ताडून बघितली आणि दोन नावांभोवती अदलाबदलीचं वळसेदार चिन्ह काढलं. ती खूण काढायला मला फार आवडायची, एका झटक्यात, हात न उचलता. ती मी दोन नावांपुरतीच काढली. शेजारच्या रकान्यातल्या चित्रांना माझं पेन शिवलंसुद्धा नाही. मी तिकडे बघितलंच नव्हतं. वाचता येणारा माणूस चित्रं बघत नाही.

शाहीननं कागद घेतला, फोटो काढला आणि विचारलं, “सर, फक्त नावं बदलायची की पूर्ण ओळ?”

मी तेव्हा नानांना अधिकाऱ्यांच्या भाषणाची नक्कल करून दाखवत होतो. तिच्याकडे न बघता म्हणालो, “कागदावर आहे तसं कर.”

तिनं कागदावर होतं तसं केलं. नावं आपापल्या जागी गेली, चित्रं होती तिथंच राहिली. दुसरं प्रूफ आलं. नावं बरोबर. मी ‘तपासले, छापावे’ असं लिहून खाली सही ठोकली.

“सर, बोट फिरवायचं राहिलं,” ती म्हणाली. यादी तिच्या हातात होती. खुर्चीसुद्धा तिनं ओढून घेतली होती.

“शाहीन, ही बालवाडी नाही. छत्री कशाला म्हणतात आणि कपबशी कशाला, ते मला या वयात कळतं.”

नाना हसले. शिपाई हसला. शाहीनही हसली, थोडी उशिरा, आणि ओढलेली खुर्ची परत जागेवर ठेवून आली.

नंतर अधिकाऱ्यांच्या कारकुनानं सही केली, कारण सरांनी बघितलं होतं. अधिकाऱ्यांनी सही केली, कारण कारकुनानं बघितलं होतं. छपाई झाली. खराब झालेले तक्ते मोजून, सगळ्यांसमोर जाळून टाकले. गठ्ठ्यांना लाखेची मोहोर लागली. हा सगळा काटेकोरपणा एका चुकीच्या कागदाभोवती अगदी मन लावून करण्यात आला. निरोपाच्या वेळी अधिकाऱ्यांनी मला शाल दिली. अचूक आणि निर्विघ्न छपाईबद्दल. मतदान व्हायला अजून आठ दिवस होते. शालींवर मी आयुष्यभर विनोद केले आहेत. ती शाल मी दोन्ही हातांनी घेतली.

कॅम्पात राहणाऱ्या माणसाला तोफांची सवय असते. सरावाच्या दिवशी सकाळपासून लांबून आवाज येतात, खिडकीच्या काचा थरथरतात, फडताळातली भांडी एकमेकांना लागतात. नवा पाहुणा दचकतो. आम्ही चहाचा घोट घेत राहतो. मतदानाच्या दिवशी असाच सराव चालू होता आणि मी निवांत पेपर वाचत होतो. दहाच्या सुमारास नानांचा फोन आला. “सर, चित्रं...” एवढंच म्हणाले.

झालं होतं ते असं. बागांवरची माणसं पहाटेच जीपनं गावी पोचली होती. पहिल्या तासात बऱ्याच बायकांनी छत्री शोधली, छत्रीवर शिक्का मारला आणि घरी गेल्या. मग शाळेत शिकलेली एक सून आली. तिनं छत्रीशेजारचं नाव वाचलं आणि केंद्राच्या दारातच ओरडली, “छत्रीपुढं हे नाव कुणाचं?” मतदान थांबवलं गेलं. महिला गटाचं मतदान पंधरा दिवसांनी पुन्हा घ्यायचं ठरलं.

मी कॅम्पातून मिळेल त्या बसनं नाशिक गाठलं. छापखान्यात शाहीनच्या खुर्चीमागे भिंतीवर एक जाड तार होती. झालेल्या कामाची प्रुफं तिच्यात टोचून ठेवत. नाना आत फोनवर होते. शाहीन अजून यायची होती. शाई लागलेल्या कागदांच्या थप्पीतून गुलाबी कागद शोधायला वेळ लागला नाही. माझी तांबडी खूण लांबूनही ओळखू यायची, एवढी ती डौलदार होती. मी तो कागद तारेवरून उपसला, चौघडी घातली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला. त्या वेळी मनात काय चाललं होतं ते आठवून बघतो तेव्हा काहीच सापडत नाही. हात मात्र अगदी सराईतासारखा चालला होता.

दुसऱ्या दिवशी यशोदाबाई आल्या. पन्नाशीच्या, सुरकुतलेल्या, उभ्या अंगाच्या. हातात मिटलेली काळी छत्री. या बाईंनी फाल्गुनाच्या कोरड्या उन्हात, ढगाचा पत्ता नसताना, ही छत्री उघडून पाड्यापाड्यानं प्रचार केला होता, हे आम्हाला कारकुनानं सांगितलेलं होतं. लोक हसून विचारत, पाऊस कुठाय? त्या म्हणत, “येईल तवा बियानं हाताशी पायजे.” सोसायटीतून भाताचं बियाणं वेळेवर मिळावं, एवढा एकच त्यांचा मुद्दा. इतका छोटा जाहीरनामा मी कधी तपासला नव्हता.

त्या दारातच उभ्या राहिल्या. “माझी छत्री त्या बाईला कोनी दिली?”

“बसा, बाई,” नाना म्हणाले. “कंप्युटरची चूक झाली.”

“सही कंप्युटर करतो का?”

शिपाई गेला होता, पण त्याची खुर्ची तशीच होती. मी क्रेटमधल्या द्राक्षांकडे बघत राहिलो. नाना म्हणाले, “ही मुलगी नवीन आहे, तिच्या हातून झालं.”

शाहीन सहा वर्षं जुनी होती. तिनं नानांकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग असता तर मला बरं वाटलं असतं. वर्गात एखाद्या मुलीला उत्तर येत असतं, पण ती आधी मास्तरांना बोलू देते, तसं ते होतं. ती वाट बघत होती. मी चष्मा काढून पुसला.

यशोदाबाईंनी तिचे भरलेले डोळे बघितले. “रडू नको, बाय. तू तं माझ्या लेकीएवढी. मी भांडाया नाय आली.” मग आम्हा दोघा पुरुषांकडे वळून म्हणाल्या, “मुकादमानं मानसं एकडाव सोडली. आता परत नाय सोडायचा. द्राक्षं थांबत्यात व्हय कुनासाठी? एवढंच सांगाया आली व्हती.” बाहेर पडल्यावर त्यांनी उन्हात छत्री उघडली आणि तांबटांच्या गल्लीतून निघून गेल्या. त्या गेल्यावरही बराच वेळ तो काळा गोल मला वळणापर्यंत दिसत राहिला.

खुलाशाचं पत्र लिहायचं होतं. नाना म्हणाले, “तुमच्यासारखं कोण लिहिणार, सर?” सरकारी मराठीची टवाळी करण्यात माझी हयात गेली. ‘करण्यात येत आहे’ म्हणजे कोण करतं, असं मी मुलांना विचारायचो आणि वर्ग हसायचा. त्या दिवशी मी लिहिलं : ‘संगणकचालकाकडून अनवधानाने चिन्हांचा क्रम विचलित झाला असून संबंधितास कार्यमुक्त करण्यात आले आहे.’ लिहून झाल्यावर मी ते पुन्हा वाचलं. एक स्वल्पविराम काढला. आणि खरं सांगायचं तर पत्र मला आवडलं. घट्ट वीण होती त्याची. त्या मोसमातलं बाकी सगळं एकवेळ मी स्वतःला समजावून सांगू शकतो, घाबरलो होतो, गोंधळलो होतो असं म्हणू शकतो. पत्र आवडलं, याला मात्र माझ्याकडे काही खुलासा नाही.

ते पत्र टाइप करायला शाहीनच बसली होती. तिथं दुसरं कोणी नव्हतंच. ‘संबंधितास’ या शब्दापाशी तिची बोटं क्षणभर थांबली. मग तिनं वाक्य पुरं केलं, कागद छापून नानांच्या टेबलावर ठेवला, रुमाल पर्समध्ये टाकला आणि “येते, सर” म्हणून गेली.

पुन्हा मतदान झालं तेव्हा दिंडोरीच्या बागांमध्ये काढणी जोरात होती. यशोदाबाई बोटांवर मोजता येतील इतक्या मतांनी पडल्या. त्या बोटांचा हिशेब मी अनेकदा केला आहे. ज्या जीपा आल्या नाहीत त्यातल्या एका जीपेत त्याहून जास्त माणसं बसतात.

नानांकडे त्यानंतर मी फार गेलो नाही. डोळ्यांचं कारण सांगितलं. दोन वर्षांनी शाहीन लग्न होऊन कॅम्पात आली आणि भाजीबाजाराच्या तोंडाशी तिनं दुकान टाकलं : झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, लग्नपत्रिका. तेव्हापासून मी भाजीला मागच्या गल्लीनं जातो. तो रस्ता दुप्पट लांब आहे. चालणं तब्येतीला बरं, असं मी घरात सांगितलं आहे, आणि शेजारचे एक निवृत्त सुभेदार माझं उदाहरण देऊन आपल्या मुलाला रोज चालायला लावतात. शाल कपाटाच्या वरच्या कप्प्यात आहे. तिच्या घडीत तो गुलाबी कागद आहे. उन्हाळ्यात डांबराच्या गोळ्या बदलायला कप्पा उघडतो तेव्हा दोन्हींना एकदमच हात लागतो.

परवा नानांचा फोन आल्यावर मी कप्पा उघडला. गोळ्या बदलायच्या नव्हत्या.

काल सकाळी मी पुढच्या रस्त्यानं गेलो. दुकानात एका जवानाची बायको कसल्याशा परीक्षेचा फॉर्म भरून घेत होती. शाहीननं वर बघितलं. “या सर. बसा, एवढं आटपते.” जणू मी रोजच येत होतो. मी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलो. ती त्या बाईकडून आधारवरचं नाव, जन्मतारीख, जात, पत्ता एकेक करून वाचून घेत होती आणि स्वतः पडद्यावर बोट टेकवून “आहे, आहे” म्हणत होती. ते ऐकत मला आणखी दहा मिनिटं बसावं लागलं.

बाई गेल्यावर मी कागद तिच्यापुढं ठेवला. घड्यांवर तो विरला होता. तिनं उलगडला, बघितला, पुन्हा आहे तसा घडी करून माझ्याकडे सरकवला. मग संगणकात काहीतरी शोधलं आणि पडदा माझ्याकडे फिरवला. तोच कागद. नवा कोरा, गुलाबी, आणि त्यावर माझी खूण, कागदावरच्याहून कितीतरी तांबडी.

फोटो. अर्थातच. तिची ही सवय माझ्या डोळ्यांसमोरची होती, मी तिच्यावर विनोदसुद्धा केले होते. तारेवरचा कागद काढला की सगळं मिटलं, असं मी एवढी वर्षं धरून चाललो होतो.

“हा तेव्हा तुझ्याकडे होता?”

“प्रत्येक कागदाचा काढायचे ना.”

“मग दाखवला का नाहीस? नानांना, त्या बाईंना?”

तिनं पडदा परत स्वतःकडे वळवला. “तुम्ही होतात ना तिथं, सर.”

मग म्हणाली, “मला वाटलं, आत्ता बोलतील. मग पत्र लिहायला बसलात तेव्हा वाटलं, आता लिहितील. टाइप करताना शेवटच्या ओळीपर्यंत मला वाटत होतं. अब्बा म्हणाले, फोटो घेऊन जा आणि टेबलावर आपट. मी म्हटलं, नाही. ते माझे सर आहेत, त्यांचं त्यांना बोलू दे.” मी तिला कधी वर्गात शिकवलं नव्हतं. छापखान्यात सगळे म्हणत म्हणून ती मला सर म्हणत होती, असं मी समजत होतो.

मी म्हणालो, “मी पत्र लिहितो. नानांना, त्या निवडणूक कचेरीला. यशोदाबाईंनाही.”

“लिहा,” ती म्हणाली. आवाजात काही नव्हतं, ना आनंद ना टोमणा. तिनं कोरं पान उघडलं. “सांगा.”

मी घसा साफ केला. “सदर मतपत्रिकेच्या मुद्रणात चिन्हांच्या बाबतीत चूक झालेली होती...”

तिची बोटं कळफलकावर तशीच थांबून राहिली. “कोणाकडून, सर?”

बाहेर हातगाडीवाला द्राक्षं ओरडत होता. लांब कुठंतरी तोफेचा आवाज झाला, दुकानाच्या काचेवर चिकटवलेला लग्नपत्रिकेचा नमुना थरथरला. कॅम्पातली माणसं आम्ही, दोघांनीही वर बघितलं नाही.

पत्र आठ ओळींचं झालं. मला इतकं छोटं लिहायची सवय नाही. तिनं छापून माझ्यापुढं ठेवलं. मी पेन काढलं, तशी म्हणाली, “सही नंतर. मी वाचते. तुम्ही बोट ठेवा.”

मी बोट ठेवलं.

“नावांपुरतीच खूण करणारा.”

माझं नाव. “आहे.”

“न बघता सही करणारा.”

“आहे.”

“कागद तारेवरून काढून नेणारा.”

तिथं बोट जरा हललं. तिनं वाट बघितली. अगदी तशीच, जशी तेव्हा बघितली होती.

“आहे,” मी म्हणालो.

“दुसरीच्या नावावर चूक घालून पत्र लिहिणारा.”